डावीकडं न वळणारी पिकअप

मला फक्त चाकं बदलायची होती. बाकी जे झालं ते चाकांनी केलं, माझा त्यात हात नाही, असं मी तेव्हापासून सांगतोय आणि तेव्हापासून गावात कोणी ते ऐकून घेत नाही.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हिरामण. जीपच्या तोंडाची ती जुनी पिकअप त्यानं शहापूरच्या एका दूधवाल्याकडून घेतली, तेव्हा तिच्या फळ्यांना दुधाचा इतका वास यायचा की गावातली सगळी मांजरं तिच्यात मुक्कामाला असायची. दादानं ती घासली, हिरवा रंग दिला आणि पुढच्या मडगार्डांवर स्वतःच्या हातानं पांढरी पट्टी ओढली. (पट्टी वाकडी आली. ‘गाडी वळली का सरळ दिसंल,’ असं तो म्हणायचा.) आमची काकडी, गावाची भेंडी, लोकांचा पेंढा, लग्नाची भांडी, सगळं त्या गाडीतून मुरबाडला जायचं-यायचं. दादा चालवायचा. मी डाव्या सीटवर बसून खिडकीतून हात बाहेर काढायचो आणि मागच्यांना वळण दाखवायचो. सातवीत शाळेचं आणि माझं जमेनासं झालं, तेव्हापासून माझा धंदा हाच.

त्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली आणि दिवाळीच्या आत तो गेला.

याच्यावर मला विनोद करता येत नाही. करून बघितला. तेव्हा गाडीकडंच वळू.

दादा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. मी रोज तिच्यात जाऊन बसायचो, डाव्याच सीटवर. मला लायसन होतं, दादानंच काढून दिलं होतं, पण उजवीकडं सरकायला पाय उचलत नव्हता. गिरजावहिनी ओटीवरून बघायची. एक दिवस ती भांडी घासता घासता बोलली, "भावजी, गाडी विकूया."

"का?"

"सकाळी दार उघडलं का पयली तीच दिसते. मला वाटतं आता हॉर्न वाजंल."

"मी चालवीन ना, वयनी."

"तुमी? तुमी त्या सीटवर बसून नुसता हात दाखवता. उभ्या गाडीत. काल कोंबड्यांना उजवीकडं जा म्हणून दाखवत होता."

(हे खरं होतं. कोंबड्या गेल्याही होत्या.)

शेवटी असं ठरलं. घरात माणूस गेलं की आमच्याकडं पाहुणे दुखवटा काढतात, म्हणजे आपल्या घरी नेतात, गोड जेवू घालतात, बायांना नवं लुगडं, बाप्यांना टोपी देतात, आणि आता रडणं पुरे म्हणतात. वहिनीचं माहेर वैशाखऱ्याचं. तिचा भाऊ काळूराम यानं आम्हाला रविवारी बोलावलं होतं, आणि गाडीला गिऱ्हाइकही त्यानंच बघून ठेवलं होतं, त्याच गावचा गोजरशेट म्हणून.

"आयेला गाडीनं धड न्या, धड आना," वहिनी आत बसलेल्या माझ्या आईकडं बघून बोलली. "तर गाडी ठेवू. नायतर गोजरशेट तिथंच चावी घेईल आन् आपुन एसटीनं परत येऊ."

मी लगेच जाऊन गाडीची काच पुसली. डाव्या बाजूची.

शनिवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली. उजव्या सीटवर बसलो, डोळे मिटून किल्ली फिरवली, मग उघडले. ऑइल बदलायला मुरबाडला रोशनच्या गॅरेजमध्ये गेलो. फक्त ऑइल. आमची सगळी कामं रोशनच करायचा. त्याच्या भिंतीवर कुठल्याशा जुन्या सालाचं कॅलेंडर होतं, फोटोसाठी ठेवलेलं. फोटोत परदेशातली लाल पिकअप, मागं बर्फाचे डोंगर. चाकं अशी रुंद आणि गाडी अशी उंच की खालून बकरी मान न वाकवता पलीकडं जाईल. दादा तिथं गेला की चहाचा ग्लास घेऊन त्या फोटोसमोर उभा राहायचा. मागच्या चाकाजवळ बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "दीप्या, एकदा आपल्या गाडीला हे करायचं." मी म्हणायचो, "करू." गॅरेजमधलं बोट ते, फोटोवर त्या जागी ऑइलचा काळा डाग पडला होता.

मी त्या डागाकडं बघत राहिलो. डाग तिथंच होता. बोट नव्हतं.

"रोशन, चाकं बदल."

"कसली?"

"फोटोतल्यासारखी. आन् उंचीपन तेवढी."

रोशननं हात पुसले. "दीपेश, ती मानसं बर्फात जातात. तुला काकडी न्यायचीय."

"दादाची इच्छा होती."

रोशननं मागच्या शेडची किल्ली काढली. (गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की आमच्याकडं कोणी वाद घालत नाही. त्या दिवसांत मी ते नाव फार वापरलं. एसटीत खिडकीची जागासुद्धा मिळवली.)

त्यानं मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं ट्रॅक्टरच्या पुढची अरुंद चाकं होती, एका जीपची गुट्टेवाली, खोल नक्षीची होती आणि शहापूरच्या कुणा कंत्राटदाराच्या हौसेच्या गाडीची रुंद चाकं होती, चकचकीत रिमवाली. रिममध्ये तोंड दिसत होतं. मी वाकून बघितलं तर माझा चेहरा रुंद होऊन हुबेहूब दादासारखा दिसला.

"हीच," मी म्हणालो.

"गाडीला बसतात का ते तरी बघू दे."

"बसतील."

जुनी चाकं आणि माझी सायकल त्याला दिली आणि ती चाकं घेतली. मग काम सुरू झालं. मागची आधी चढवली, तर गाडी पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी पुढं झुकली. म्हणून पुढं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले, तर तिनं तोंड वर केलं, जणू विमान शोधतेय. म्हणून मागं पाटे घातले. पुढं जास्त झालं की मागं, मागं जास्त झालं की पुढं, असं करत दुपारपर्यंत गाडी वर वर जात राहिली. (शेवटी सारखी झाली, ती रोशनकडचे पाटे संपले म्हणून.)

गाडी लांबून बघितली आणि मला भरून आलं. फोटोच होता. फक्त बर्फाच्या जागी रोशनचं भंगार होतं. मी चढलो (दोन प्रयत्न लागले), नाक्यावर आलो, स्टेअरिंग डावीकडं वळवलं आणि खालून आवाज आला, खर्रर्र. सगळा नाका वळून बघायला लागला. तसाच मागं आलो.

रोशन खाली वाकला. "टायर मडगार्डला घासतंय. उजवीकडं वळून बघ."

वळून बघितलं. आवाज नाही.

"मग अर्धं काम तर झालंय," रोशन बोलला. "डाव्यासाठी मडगार्ड कापावं लागंल."

त्यानं करवत उचलली. मी मडगार्डाकडं बघितलं. दादाची वाकडी पांढरी पट्टी होती तिथं.

"नाय कापायचं."

"मग डावीकडं कसा वळशील?"

"नाय वळत."

घरी येईपर्यंत मी एकदाही पूर्ण डावीकडं वळलो नाही. कसा आलो ते विचारू नका. रस्त्यातल्या दोन वाड्यांमध्ये माझ्यामुळं लोक जेवण सोडून बाहेर आले.

अंगणात गाडी उभी केली. वहिनी बाहेर आली. तिनं चाकांकडं बघितलं, मग मान वर करत करत गाडीकडं बघितलं.

"भावजी, ही आपलीच हाय ना?"

"दादाला अशीच पायजे होती."

ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मी म्हटलं ना, त्या नावापुढं कोणी बोलत नसे. तेव्हाच बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

मग आई आली. आमच्या आईचं नाव काशी. अंगानं बुटकी, गुडघे दुखणारी. तिला गाडीत पुढं बसवलं की तेलाच्या वासानं उलटी होते, म्हणून ती कायम मागं, उघड्यावर, चटई टाकून बसायची. दादा तिला दोन्ही हातांनी धरून वर चढवायचा. आता ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली तर मागची फळी तिच्या कपाळाच्याही वर. तिनं हात वर करून फळीला नुसता लावला, देवळातल्या घंटेला लावतात तसा.

"दीपेश, मी हिच्यात जायाचं का हिच्या खालून?"

रात्रभर मी ओटीवर पडून वैशाखऱ्याचा रस्ता आठवत होतो. मुरबाडला उजवीकडं वळायचं. चांगलं. मग माळशेजचा मोठा रस्ता, त्याला नुसती वळणं, तेवढं चालतं. आणि शेवटी काळूरामच्या घराकडं जायचं ते डावीकडं. तिथं आलो की मी पुन्हा मुरबाडपासून सुरुवात करायचो.

सकाळी शेजारचे देवजीकाका माळ्यावर चढायची शिडी घेऊन आले. बैलगाडीतून आले. बैलगाडी नेहमी खडखडत यायची, आज आवाजच नाही. मी खाली बघितलं. बैलगाडीला दादाची चाकं.

"रोशननं काल दिली," देवजीकाका खुशीत बोलले. "बैलांना वझंच वाटत नाय. तुझ्या दादाचं नाव काढतात ती."

मला बैलांकडं बघवेना.

आईला शिडीवरून चढवताना अर्धं गाव होतं. खालून वहिनी ढकलत होती, वरून मी ओढत होतो आणि मधून आई मला शिव्या देत होती. वर पोचल्यावर तिनं चारी बाजूंना बघितलं. "अरे, इथून पारूच्या घरावरची फुटकी कौलं दिसतात," ती बोलली. शेजारच्या पारूनं खालून ते ऐकलं आणि ती आमच्याशी होळीपर्यंत बोलली नाही.

निघालो. उजव्या सीटवर मी, डाव्या सीटवर कोणी नाही. मागं आई आणि वहिनी. प्रत्येक खड्ड्याला मागून आईचा आवाज यायचा, त्यावरून ती आहे एवढं कळायचं. आवाज आला नाही की मी घाबरून वेग कमी करायचो, तोवर पुढचा खड्डा यायचा आणि आवाज यायचा. मुरबाडला उजवीकडं वळलो, काही झालं नाही. एसटीवाल्यानं हॉर्न दिला, मी खिडकीतून हात दाखवायला गेलो तर हात चुकीच्या बाजूला होता. तेवढ्यात स्टेअरिंग जरा जास्तच डावीकडं गेलं. खर्रर्र. पट्टीला ओरखडा पडला असेल, म्हणून मी स्टेअरिंग पटकन सरळ केलं.

वैशाखऱ्याला काळूरामच्या घराचं वळण आलं. डावीकडं. घर रस्त्यावरूनच दिसत होतं. दारात काळूराम, पाहुणे आणि पांढऱ्या टोपीतला एक जाडा माणूस, तो गोजरशेट असणार. सगळ्यांनी हात वर केले. मी हात वर केला आणि सरळ पुढं निघून गेलो.

"भावजी, घर मागं राह्यलं," वहिनी मागून ओरडली.

"माहीत हाय."

भातकापणी होऊन शेतं मोकळी पडली होती. मी पुढं जाऊन उजवीकडं शेतात उतरणार, पुन्हा उजवीकडं, पुन्हा उजवीकडं, आणि रस्ता ओलांडून बरोबर काळूरामच्या दारासमोर सरळ येणार, असा माझा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. त्यात बांध धरले नव्हते. पहिल्या बांधावरून गाडी अशी गेली की एवढ्या मोठ्या चाकांचा उपयोग काय ते मला कळलं. दुसऱ्या बांधाला मागून आईचा आवाज यायचा बंद झाला. मी मान वळवून बघितलं. वहिनीनं एका हातानं फळी धरली होती आणि दुसऱ्या हातानं आईला. आईनं डोळे मिटून हात जोडले होते.

रस्ता ओलांडून गाडी दारात थांबली.

काळूराम पुढं आला. "दीपेश, रस्ता दुरुस्तीला काढलाय काय?"

"नाय. जरा शेत बघत होतो."

"कोनाचं?"

मी उतरलो (उडी मारली, गुडघा फुटला) आणि आईला उतरवायला मागं गेलो. तेव्हा लक्षात आलं की शिडी देवजीकाका परत घेऊन गेलेत. काळूरामनं त्याच्याकडची शिडी आणून लावली. आईनं वरून खाली बघितलं आणि मागं सरकली.

"मी नाय उतरत."

"अगो आये, चढलीस ना तशीच उतर."

"चढताना वर बघायचं असतं. उतरताना खाली बघाया लागतं. मी इथंच बरी."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. ती फळीला पाठ लावून बसली आणि पदर डोक्यावर घेतला. इकडं जेवण निवत होतं. शेवटी काळूराम म्हणाला, दुखवटा तर काढायलाच पाहिजे, आणि माझ्या आईचा दुखवटा गाडीत निघाला. काळूरामच्या बायकोनं शिडीवर उभं राहून तिला लुगडं दिलं, बुक्क्याचं बोट वर पोचेना म्हणून आईनं खाली वाकून कपाळ पुढं केलं. पुरणपोळीचं ताट चार हातांतून वर गेलं. तूप वाढायचं राहिलं तर वरून आवाज आला, "तूप." सगळा गाव गोळा झाला होता. एका म्हातारीनं गाडीलाच नमस्कार केला.

गोजरशेट या सगळ्यात गाडीभोवती फिरत होता. चाकांना हात लावला, खाली वाकला, न वाकताच पलीकडं दिसतंय हे बघून सरळ झाला. हा आता चावी मागणार.

"मला बकऱ्या न्यायच्यात बाजाराला," तो काळूरामला बोलला. "हिच्यात चढवायच्या तर आधी त्यांना झाडावर चढायला शिकवाया पायजे. मला नको ही."

आणि टोपी नीट करून तो जेवायला बसला. मला एवढा आनंद झाला की मी एकदम वहिनीकडं बघितलं. वहिनी माझ्याकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोजरशेटनं नाही म्हटलं, पण ठरलेली गोष्ट गोजरशेटची नव्हतीच. आईला धड नेणं ही होती.

आईला खाली कसं आणायचं ते मला तेव्हा सुचलं. (त्या दोन दिवसांत सुचलेली ही एकच बरी गोष्ट, म्हणून सांगतो.) काळूरामच्या खळ्यावर पेंढ्याची उडवी होती, नवीन रचलेली, एका बाजूनं मोडून उतरती झालेली. मी गाडी सरळ मागं घेतली. सरळ मागं ती चांगली जायची. फळी पेंढ्याला टेकली.

"आये, आता घसर."

"मी? या वयात?"

"डोळे मिट आन् घसर."

आई नवीन लुगड्यात पेंढ्यावर बसली, सरकली आणि सुळकन खाली आली. डोक्यात पेंढा, तोंडात पेंढा. आम्ही धावलो. ती हसत होती. दादा गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं, त्यामुळं तो आवाज कसला ते आधी कळलंच नाही. हसता हसता ती म्हणाली, "हिरामणला सांगा रे, त्याची आय घसरगुंडी…" आणि तिथंच थांबली.

मग ती रडली. मीही रडलो. दुखवटा काढायचा तो असा निघाला.

वहिनी आईच्या केसांतला पेंढा काढत बसली होती. ती माझ्याकडं न बघता बोलली, "भावजी, त्यांना चाकं नव्हती बदलायची."

"तुला काय माहीत? दादा रोज फोटोवर बोट ठेवायचा. मागच्या चाकाजवळ."

"चाकाजवळ. चाकावर नाय. तिथं पायरी हाय, मागं चढायला. लोखंडाची. घरी येऊन मला सांगायचे, आयेसाठी तशी बनवून घेतो म्हनून. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय."

त्या दिवशी पहिल्यांदाच दादाचं नाव घेऊन काही मिळण्यासारखं नव्हतं.

परत येताना आईला उडवीवरूनच वर चढवलं, पाठीमागे तिच्या सोबतीला काळूराम बसला, शिडी घेऊन. वहिनी पुढं आली, डाव्या सीटवर. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मुरबाडला आमचं वळण डावीकडं. तिनं न विचारता उजवीकडं दाखवलं, मग पुन्हा उजवीकडं, पुन्हा उजवीकडं. चांगलं दाखवते ती. माझ्यापेक्षा.

घराजवळ आल्यावर ती बोलली, "गाडी राहू दे. पन पायरी लावा."

दुसऱ्या दिवशी रोशनकडं गेलो. चिंधीला रॉकेल लावून फोटोवरचा डाग पुसला. खाली पायरी होती. एवढीशी, काळी, मागच्या चाकाच्या पलीकडं. सगळ्या जगानं त्या फोटोत चाकं बघितली असतील. (मी धरून.) डाग पुसला याचं मात्र मला नंतर फार वाईट वाटलं.

पाटे उतरवले. जुनी चाकं परत हवी होती, त्यातली दोन रोशनकडंच होती आणि दोन देवजीकाकांच्या बैलगाडीला. काका म्हणाले, अदलाबदल करू. आता देवजीकाकांची बैलगाडी रुंद टायरवर, चकचकीत रिम लावून फिरते. मुरबाडच्या बाजारात लोक बैलांचा फोटो काढतात. बैलगाडी दोन्हीकडं वळते.

रोशननं पायरी बनवली, फोटोतल्यासारखीच, रुंद आणि मजबूत. आईला दाखवली. ती एक पाय ठेवून चढली, वळली आणि पायरीवरच बसली.

"बरी हाय उंची," ती बोलली. "गुडघे दुखत नाय. गो गिरजा, तांदूळ आन निवडायला."

तेव्हापासून आई सकाळी चहा झाला की पायरीवर बसते ती दिवे लागेपर्यंत. तिथंच तांदूळ निवडते, तिथंच दुपारची डुलकी काढते. सकाळी दार उघडलं की वहिनीला आधी आई दिसते, मग गाडी. गाडी विकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. हलवायचाही निघालेला नाही. काल मी चावी घेऊन नुसता जवळ गेलो तर आई म्हणाली, "कुठं नेतोस माझी पायरी?"

म्हणून काकडी मी एसटीनं नेतो.